अनुताईंची अंगणवाडी आणि आपल्या वाडीची जागा

(१७ मार्च २०१० रोजी कामशेतजवळच्या एका वाडीवर पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळातल्या वाड्यांची बैठक झाली. तिथं केलेलं हे भाषण. बोललं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)





काल पाडवा झाला. शिमग्याला भट्टीवरून आलेली काही घरं अजून वाडीवर हायेत, ती परत जायच्या आत बैठक घ्यावी असं ठरलं, म्हणून आजचा दिवस धरला. दुसरं कारण असं, की आज अनुताई वाघ यांच्या जन्माला बरोबर शंभर वर्षं झाली. मागच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "ही बाई कोण? आपल्यातली का?" आपल्यातली नाय. पण आपल्याच जिल्ह्यातली. बारामती तालुक्यात मोरगाव हाये, गणपतीचं, तिथं त्यांचा जन्म, १७ मार्च १९१०.

त्यांचं लग्न तेराव्या वर्षी लावलं आणि सहा महिन्यांत नवरा वारला. तेव्हाच्या बामणाघरात अशा पोरीचं पुढं काय व्हायचं ते म्हाताऱ्या बायांना सांगायला नको. अनुताई शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, मास्तरणीचं ट्रेनिंग पुण्याला केलं, नाशिक जिल्ह्यात खेड्यावर शिकवलं, मग पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत बरीच वर्षं नोकरी केली. नोकरी करता करता रात्रीच्या शाळेत जाऊन १९३७ ला मॅट्रिक झाल्या. बी. ए. झाल्या तेव्हा त्यांचं वय ५१ होतं, साल १९६१. आपल्या पोरी दहावीला एकदा नापास झाल्या की आपून म्हणतो, आता बस, लग्नाचं बघा. त्यांच्यासाठी हा आकडा दोनदा सांगतो. ५१.

पण नुसती शिकलेली बाई म्हणून आम्ही त्यांचं नाव काढलं नाय. पुण्यात पक्की नोकरी होती, पगार होता. ती सोडून १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर ठाणे जिल्ह्यात समुद्राकाठी बोर्डी गावाला गेल्या. ताराबाई त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. आधी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी लहान पोरांच्या शाळेचं काम केलेलं. शहरातल्या पैसेवाल्यांच्या पोरांना बालवाडी मिळते, खेड्यातल्या गरिबाच्या पोराला का नको, हा त्यांचा सवाल. पुढं १९५७ ला काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आजूबाजूला सगळे वारल्यांचे पाडे. ताराबाई १९७३ ला वारल्या, तरी अनुताईंनी टेकडी सोडली नाय. १९९२ च्या सप्टेंबरात गेल्या तोवर, म्हंजे बोर्डी धरून सत्तेचाळीस वर्षं, हेच काम. मध्ये १९८५ ला सरकारनं पद्मश्री दिली. तो मान मोठा असेल, पण आपल्या कामाचं त्याच्या आधी जे झालं ते हाये, ते सांगतो.

बोर्डीला शाळा काढली तर पोरं येईनात. का येईनात, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पोरगं गुरांमागं जातं. पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन बसते, कारण आई कामाला. घालायला धड कापड नाय. आणि शाळेत गेलं तर मास्तर अंगाचा वास येतो म्हणून बाजूला बसवतो. मग या दोघी बायांनी काय केलं, तर आपली शाळाच उचलली आणि हरिजनवाड्यात नि आदिवासींच्या पाड्यावर नेली. घराच्या अंगणात बसवली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. आज सरकारी फळ्यावर जो शब्द लिहितात, 'अंगणवाडी', तो त्या अंगणातला हाये. आता आपल्या मावळात त्याच शब्दाची काय गंमत झाली बघा: अंगणवाडी मोठ्या गावात देवळाशेजारी सिमेंटच्या खोलीत, आणि ज्यांच्या अंगणासाठी ती काढली ती वाडी ओढ्याच्या पल्याड.

अंगणात शाळा नेल्यावर पोरांना आधी आंघोळ घालायची. डोक्यात उवा, अंगाला खरूज, नखं वाढलेली. केस विंचरणं, नखं काढणं, खरजेला औषध लावणं, हा त्यांनी शाळेचाच भाग धरला. आधी स्वच्छ होऊन या मग शिकवतो, असं म्हणाल्या नाहीत. खायला काहीतरी द्यायचं. मग गाणं, गोष्ट. खेळणी इकत आणायला पैसा कुठला? शिंपले, बिया, दगडगोटे, पानं, मातीचे मणी, यावरच मोजायला शिकवायचं. चिंचोके आपल्या वाडीत किती पडलेले असतात!

कोसबाडला तर अजून एक पाऊल पुढं. धाकट्याला सांभाळते म्हणून बहीण येत नाय, तर धाकट्यालाच घेऊन ये, त्याच्यासाठी पाळणाघर. म्हंजे पाळणाघर, बालवाडी आणि पहिली-दुसरी एकाच आवारात; त्याला विकासवाडी म्हणायचे. आणि गुरं राखणारा पोरगा कुरणातच असतो, तर मास्तरनं कुरणात जायचं. तिला नाव कुरणशाळा. गुरं चरतात तिथं झाडाखाली शाळा. ज्याला दिवसा जमत नाय त्याला रात्री.

मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे. पोरगं येत नाय, यात पोराचा दोष, आई-बापाचा अडाणीपणा, असं सगळे साहेब सांगतात. 'कातकरी पोरांना शाळेची गोडी नाही', असं छापील वाक्य आम्ही कितीदा ऐकलं. या बायांनी दोष शाळेत शोधला. शाळेची वेळ चुकीची, जागा चुकीची, बसायची रीत चुकीची. ती बदलली तर पोरं आली.

आता दुसरी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय ही अर्धी राहील, आणि आपली संघटना जमिनीची आहे तेव्हा सांगायलाच पाहिजे.

त्याच साली, १९४५ लाच, त्याच ठाणे जिल्ह्यात, डहाणू नि उंबरगाव तालुक्यात, दुसरी एक पुण्याचीच बाई वारल्यांत फिरत होती. गोदावरीबाई परुळेकर. त्यांचाही जन्म पुण्याचा, त्याही शिकलेल्या, वकिलीची परीक्षा झालेल्या. त्या किसान सभेच्या, लाल बावट्याच्या. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. तिथं ठरलं, वेठबिगार करायची नाय. सावकाराच्या, जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाय. लग्नाला कर्ज घेतलं म्हणून जन्मभर नवरा-बायको गुलाम राहायची, त्याला लग्नगडी म्हणायचे, ते बंद. पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये मजुरी. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यात जेठ्या गांगड होते. आपल्या खाली उरण तालुक्यात चिरनेरला १९३० च्या जंगल सत्याग्रहात नाग्या कातकरी गेला, तशी ही वारल्यांची नावं.

आता एका जिल्ह्यात, एका साली, दोन बाया. एक पोराच्या डोक्यातल्या उवा काढते, दुसरी बापाच्या मानेवरचं जू काढते. आमच्यात यावरून वाद होतो, बैठकीत झालाय, लपवायचं काय कारण. एक गट म्हणतो, आधी जमीन. शाळा-दवाखाना ही संस्थावाल्यांची कामं, त्यात माणूस मऊ होतो, खाऊवाटप होतं, फोटो निघतो आणि सातबारा राहतो तिथंच. लोणावळ्यात आपून हे बघतोच. शनिवार-रविवारच्या गाड्या येतात, कुणी वह्या वाटतं, कुणी जुने कपडे वाटतं, वाडीखालची जमीन कुणाच्या नावावर झाली ते कुणी विचारत नाय. दुसरा गट म्हणतो, जमीन मिळेल तेव्हा मिळेल, पोर आज मरतंय.

अनुताईंच्या कामाबद्दल पहिल्या गटाची बाजू घेऊन एक गोष्ट सरळ बोलायला पाहिजे. जमिनीची लढाई हे कोसबाडचं काम नव्हतं. शिकलेल्या वारल्यालाही पोटाला जमीन लागतेच, आणि ती टेकडीवरच्या शाळेनं मिळत नाय. पण दुसरंही खरं हाये. झरीला जो उठला त्याची नात वाचायला शिकली नसती तर तलाठ्यानं काय लिहिलं ते आज तिला दुसराच कुणी वाचून दाखवला असता.

आम्हाला विचाराल तर हा वाद आपल्यासाठी २००६ च्या कायद्यानं निम्मा मिटवलाय. कसा ते सांगतो, इथं जरा कान देऊन ऐका.

वनहक्काचा कायदा म्हटलं की आपून फक्त एक गोष्ट धरतो: १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावानं. ते हायेच. ते दावे भरायचं काम चालूच हाये, दोन पुरावे जोडायचे, म्हाताऱ्या माणसाचा जबाब हाही पुरावा, हे आता वाडीवर लहान पोरालाही पाठ झालंय. पण त्याच कायद्यात कलम ३, पोटकलम २ हाये. त्याच्यात तेरा कामं लिहिलीत, ज्यासाठी वनजमीन द्यायची. त्यात पहिलं नाव शाळेचं. दुसरं दवाखान्याचं. तिसरं अंगणवाडीचं. पुढं रेशनचं दुकान, वीज, पिण्याचं पाणी, तळं, रस्ता, समाजमंदिर वगैरे. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाय, आणि ग्रामसभेनं शिफारस करायची. हे प्रकरण दिल्लीला पाठवायला लागत नाय. डीएफओच्या पातळीवर होतं.

आता सांगा, मागच्या दोन-तीन वर्षांत कितीदा आपल्याला तोंडी उत्तर मिळालं, की वाडी फॉरेस्टात हाये म्हणून अंगणवाडी बांधता येत नाय? बाया मान डोलावतायत. कुठल्या साहेबानं सांगितलं ते नाव घ्यायचं काम नाय, आणि पुढच्या वेळी भांडायचंही काम नाय. एवढंच म्हणायचं, "साहेब, ३ (२) खाली येत नाय असं लेखी द्या."

काही वाड्या फॉरेस्टात नाय, मालकीच्या जमिनीवर हायेत. पवनेकडं, कार्ल्याकडं असंच हाये. पिढ्यान् पिढ्या वाडी, पण खालची जमीन दुसऱ्याच्या नावानं. एक्स्प्रेस रस्ता झाल्यापासून जमिनीला सोन्याचा भाव आला, मालकानं विकली, नव्या मालकानं तारेचं कुंपण घातलं, आणि एके दिवशी सांगितलं की उठा. तिथं वनहक्काचा उपयोग नाय. तिथं जमीन महसूल कायद्याचं कलम १२२ धरायचं. गावठाण कुठवर ते ठरवायचा अधिकार त्यात कलेक्टरला हाये. वाडीला गावठाण द्या, ही मागणी. घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. चुलीवरच्या फळीवर ठेवू नका, धुरानं अक्षर जातं.

आणि एक घोळ नेहमी होतो. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी भागाला पेसा लागू हाये, तो अनुसूचित क्षेत्रात येतो. आपलं मावळ त्यात नाय. त्यामुळं तिकडच्या गावानं केलं तसं आपल्याला सगळं करता येत नाय. पण वनहक्क कायदा मावळालाही लागू हाये. कुणी म्हणालं की तुमच्याकडं पेसा नाय म्हणून वनहक्कही नाय, तर ते खोटं हाये.

आता मूळ कामावर येतो. ज्याच्यासाठी अनुताईंचं नाव घेतलं ते.

सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली २ ऑक्टोबर १९७५ ला. अंगणवाडीत सहा गोष्टी मिळायला पाहिजेत: पोषण आहार, लसी, तब्येतीची तपासणी, जास्त आजारी पोराला दवाखान्यात पाठवणं, आईला आहाराची माहिती, आणि शाळेआधीचं शिक्षण. आपल्या वाडीत यातल्या किती येतात? नर्सबाई पावसाळ्यात ओढा उतरत नाय, तिलाही जीव हाये, तिला आम्ही शिव्या देणार नाय. आहाराची पाकिटं महिन्यातून एकदा कुणीतरी आणून देतं. शिकवणं तर नायच.

एका वाडीची गोष्ट सांगतो, गावाचं नाव घेत नाय. वाडीवरची पाच-सहा पोरं रोज ओढा ओलांडून गावातल्या अंगणवाडीत जायची. तिथं त्यांना दाराशी बसवायचे. खाऊ शेवटी. एका पोरीनं घरी येऊन आईला विचारलं, "आपून कातोडी हाये म्हंजे काय?" चार वर्षांची पोर. दुसऱ्या दिवसापासून आईनं पाठवलं नाय. मग रजिस्टरात लिहिलं, गैरहजर.

या वाडीला तिचं स्वतःचं अंगण पाहिजे. आणि ते भीक म्हणून नाय. १३ डिसेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० पोरं हायेत आणि अंगणवाडी नाय, तिनं मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. मागेल त्याला अंगणवाडी. त्याहून लहान आदिवासी वाडीला, दीडशे लोकवस्तीपासून, मिनी अंगणवाडी देता येते.

आम्ही हा अर्ज घेऊन गेलो. वाडीत ४० च्या वर पोरं, सगळ्यांना ठाऊक. खात्री करायला माणूस आला जानेवारीत. जानेवारीत वाडीवर कोण असतं? दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन अर्धी वाडी वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर. घराला कुडाचं दार बांधलेलं. म्हातारी आणि कोंबड्या. त्यानं मोजली तेवढी पोरं लिहिली, आकडा बसला नाय, अर्ज परत. तो खोटं बोलला असं नाय. त्यानं दिसलं ते लिहिलं. पण आपली पोरं सहा महिने कागदावरूनच नाहीशी होतात. भट्टीच्या गावची अंगणवाडी म्हणते ही आमची नाय, आपल्या गावची म्हणते ही इथं नाय. आणि नेमके हेच महिने पोर सगळ्यात जास्त आजारी पडतं. धूळ, उन्हात झोपलेलं बाळ, पाण्याची बोंब.

कुरणशाळेची आठवण इथं करायची. पोर कुरणात तर शाळा कुरणात. आपली पोरं भट्टीवर, तर तिथल्या अंगणवाडीनं त्यांना घ्यायलाच पाहिजे, ही दुसरी मागणी. येत्या १ एप्रिलपासून शिक्षणहक्काचा कायदा लागू होतोय, ६ ते १४ वर्षांच्या पोराला शाळेचा हक्क, आणि जन्माचा दाखला नाय म्हणून प्रवेश नाकारता येत नाय. भट्टीवर जाणाऱ्यांनी जाताना पोराच्या शाळेचा कागद सोबत न्यायचा. न्यायला विसरला तरी प्रवेश द्यायलाच लागेल, हेही लक्षात ठेवा.

जन्माच्या दाखल्याचं मात्र नीट करा. पोर झाल्यावर २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद केली तर पैसा पडत नाय. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, मग हेलपाटे. पोर भट्टीवर झालं तर तिथल्या पंचायतीत नोंद करायची, वाडीवर येईस्तोवर थांबायचं नाय. पोरांची वयं आपून सांगतो, मोठा पूर आला त्या साली, पवनेच्या काठचा आंबा पडला त्या साली. ते आपल्याला पुरतं, रजिस्टराला पुरत नाय.

तर मोजणी आपून करायची, आणि ती आपल्या वेळेला करायची. पाऊस लागला की सगळी वाडी घरी असते. आषाढ-श्रावणात. तेव्हा अर्ज द्यायचा आणि लेखी मागायचं की पडताळणी दसऱ्याच्या आत करा.

बायांना अजून एक सांगायचंय. अनुताई आणि ताराबाई बाहेरून आल्या, त्यांनी वारल्यांच्या पोरांना आपलं मानलं, त्यांचा मान राखूच. पण त्यांनीही नुसती पोरं शिकवली नाय, पोरं सांभाळणाऱ्या बायांना शिकवून तयार केलं, बालसेविका म्हणून. आपल्या वाडीच्या अंगणवाडीवर सेविका आपल्यातलीच पाहिजे. जिला आपली बोली येते, जी पोराला 'दारात बस' म्हणणार नाय. शिकलेल्या सुना हायेत, घरात बसल्यात. सासवांनी आडवं येऊ नये. मोरगावच्या बाईला तेराव्या वर्षी विधवा झाल्यावर कुणी घरात कोंडलं असतं तर आज तिचं नाव कुणी काढलं नसतं.

आता काम वाटून घेऊ, अंधार पडतोय.

प्रत्येक वाडीनं एक वही करायची. पहिल्या पानावर घरं, किती, कुणाच्या जमिनीवर: फॉरेस्ट, धरणाची, मालकी, की ठाऊक नाय. ठाऊक नाय असं असलं तर तसंच लिहायचं, अंदाज लिहायचा नाय. दुसऱ्या पानापासून सहा वर्षांखालची पोरं, नाव, आईचं नाव, वय, भट्टीला गेलं असेल तर कुठल्या गावाला. वही एका शिकलेल्या पोरीकडं ठेवायची, पोराकडं नको, पोरं हरवतात. ज्या वाड्या फॉरेस्टात हायेत त्यांनी ग्रामसभेत अंगणवाडीच्या जागेचा ठराव मागायचा. ग्रामसभेला दोन तृतीयांश माणूस लागतो, तेवढा कोरम भरायचा तर ती पावसाळ्यातच घ्यायला लागेल, हे सरपंचाला आत्तापासून सांगून ठेवा. वनहक्क समितीत एक तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बाया हायेत का तेही बघून या. नुसत्या सह्या घेतलेल्या बाया नकोत, बैठकीला आलेल्या पाहिजेत.

भट्टीवर परत जाणाऱ्यांनी उद्या निघायच्या आधी पोरांची नावं वहीत लिहून जायची. पेन इथं दोनच हायेत, लायनीनं या.